ग्वानाह्वातोत फोनने फोटो काढायचेत? आधी वाळणारे कपडे शोधा

मेक्सिकोत आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही ग्वानाह्वातोला गेलो. नवऱ्याचा प्रोजेक्ट सिलाओजवळच्या एका ऑटो पार्ट्सच्या प्लांटमधे होता, त्यामुळे हे गाव म्हणजे आमच्यासाठी तळेगावहून लोणावळा, गाडी काढली की अर्ध्या-पाऊण तासात हजर. त्या एका दिवसात मी चारशेच्या वर फोटो काढले. पिवळं चर्च, गुलाबी घरं, निळी दारं, डोंगरावरून दिसणारं अख्खं गाव. रात्री त्यातले तीसेक आईला व्हॉट्सअॅपवर पाठवले तर तिचा रिप्लाय आला, "छान आहे गं, पण कॅलेंडर बघितल्यासारखं वाटतंय. ही माणसं कपडे कुठे वाळत घालतात?"

मी परत सगळे फोटो चाळले. खरंच एकाही फोटोत वाळणारा कपडा नव्हता. आणि कपडे तिथे नव्हते असं अजिबात नाही, मीच ते टाळले होते. वायर आली की बाजूला सरकायचं, गच्चीवरची काळी पाण्याची टाकी आली की झूम करून कापायची, कोणी माणूस आला की तो जाईपर्यंत थांबायचं. म्हणजे गावात राहणाऱ्यांची सगळी खूण पुसून मी रंग तेवढे घेऊन आले होते.

त्यानंतरच्या दीड वर्षात मी तिथे वीसेक वेळा तरी गेले असेन, फोन तोच, साधा तीन वर्षं जुना. त्यातून जे जमलं आणि जे फसलं ते इथे क्रमाने लिहितेय. मी काही फोटोग्राफर नाही, पण त्या गल्ल्यांमधे पायऱ्या चढून चढून गुडघे दुखवून घेतलेत, तेवढा अनुभव धरा.

आधी गावाची ठेवण समजून घ्या

ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींवर वाढलेलं गाव, एका अरुंद घळीत वसलेलं, समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटर उंचीवर. १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. कोणी पट्टी घेऊन आखलेलं गाव हे नव्हे, खाणीच्या आणि नदीच्या कडेने जिथे जागा मिळेल तिथे घरं चढत गेली, आणि घरांच्या मधे ज्या फटी उरल्या त्यांना तिथे काय्येहोन म्हणतात, म्हणजे आपली बोळ. बहुतेक बोळांत गाडी जाऊच शकत नाही, पायऱ्याच पायऱ्या. गाड्या बऱ्याचशा जमिनीखालच्या बोगद्यांतून जातात, त्यातला मुख्य रस्ता तर जुन्या नदीपात्रातून काढलाय.

फोटोसाठी याचा अर्थ दोन गोष्टी. एक, ऊन बोळात पट्ट्यापट्ट्याने येतं आणि पटकन सरकतं, आत्ता जी भिंत पेटल्यासारखी दिसतेय ती वीस मिनिटांनी सावलीत गेलेली असते. दोन, तुम्ही ज्या बोळात उभे आहात ती कोणाच्या तरी गच्चीच्या लेव्हलला असते. म्हणजे ड्रोन नको की काही नको, नुसतं तीस पायऱ्या वर चढलात की खालच्या घरांच्या गच्च्या समोर. कपडे, टाक्या, कुंड्या, आणि गच्चीवरची कुत्री. हो, मेक्सिकोत खूप घरांमधे कुत्रा गच्चीवर असतो आणि वरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घेत असतो. खालून त्याचा फोटो काढला तर मागे पांढरं आकाश येऊन तो नुसता काळा ठिपका होतो, त्यापेक्षा वरच्या बोळात जा आणि त्याच्या नजरेच्या लेव्हलला या.

उन्हाचं गणित

हे गाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपलं नागपूर ज्या रेषेवर आहे जवळपास तिथेच. त्यामुळे सूर्याची चाल आपल्या ओळखीची आहे, मे अखेरीला तो अगदी डोक्यावर येतो. फरक उंचीचा. हवा विरळ, थंडी वाजत असते पण ऊन मात्र सणसणीत, सावल्या सुरीने कापल्यासारख्या काळ्या.

घड्याळाचं पण एक आहे. तिथे दुपार बाराला होत नाही, सूर्य सगळ्यात वर असतो तो साधारण साडेबारा-पाऊणला. म्हणून अकरा ते अडीच हा काळ मोठ्या चौकांत फोटो काढण्यात घालवू नका, भिंती पांढऱ्याफटक दिसतात आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे येतात. सकाळी आठ ते साडेदहा उत्तम. संध्याकाळी चारनंतर पण छान, फक्त लक्षात ठेवा की घळ असल्यामुळे सूर्य मावळायच्या बराच आधी डोंगराआड जातो, आणि थंडीत तर सहाच्या सुमारास सूर्यास्तच असतो, त्यामुळे हवामानाच्या अॅपवरची वेळ बघून निवांत कॉफी पीत बसलात तर बोळातलं ऊन केव्हाच गेलेलं असेल. मी बसले होते म्हणून सांगतेय.

आणि भर दुपारी काय करायचं? अरुंद बोळात शिरायचं. एका बाजूच्या भिंतीवर कडक ऊन पडलेलं असतं आणि समोरची बाजू सावलीत, पण त्या सावलीत पहिल्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड येतो. मी याला उसनं ऊन म्हणते. माणसाचा, मांजराचा, दारातल्या कुंडीचा फोटो या उसन्या उन्हात फार सुंदर येतो. एकच काळजी घ्या, भिंतीचा रंग पण उसना येतो. पिवळी किंवा केशरी भिंत समोर असेल तर चेहरा छान उबदार दिसतो, पण समोर हिरवी भिंत असेल तर माणूस काविळीतून उठल्यासारखा. नवऱ्याचा तसा एक फोटो आहे, तो कोणाला दाखवू देत नाही.

पावसाळा साधारण जून ते सप्टेंबर. ढगाळ दिवस म्हणजे फोटो गेले असं समजू नका, रंग सगळ्यात खरे ढगाळ उजेडातच दिसतात आणि ओल्या दगडी फरसबंदीत भिंतींचे रंग उतरतात.

फोनची तयारी

लेन्स पुसा. हसू नका, सनस्क्रीन लावलेल्या आणि मक्याचं कणीस खाल्लेल्या बोटांनी आपण दिवसभर तिथे हात लावत असतो, आणि मग प्रत्येक दिव्याभोवती धुकं येतं. सुती रुमाल खिशात ठेवा.

ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू करा. मनगटात अडकवायची दोरी लावा, उतारावर पाय घसरला की फोन दहा पायऱ्या खाली जातो. पॉवर बँक घ्या. बाकी काही लागत नाही.

०.५ची वाइड लेन्स बोळात वापरायचा मोह होतो कारण सगळं मावतं. पण भिंती आत कलतात आणि कडेचा माणूस ताणल्यासारखा दिसतो. मी ९० टक्के फोटो साध्या १एक्सने काढते, आणि उंचावरून घरांचा फोटो घ्यायचा असेल तर २एक्स-३एक्सने, कारण झूम केलं की घरं एकमेकांवर रचलेल्या डब्यांसारखी जवळ येतात. मात्र फोनला खरी टेलिफोटो लेन्स नसेल तर २एक्सच्या पुढे जाऊ नका, चित्र पिठासारखं होतं.

रंगीत भिंत जळू द्यायची नाही

या गावात सगळ्यात जास्त फसतं ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उन्हातली पिवळी भिंत आणि सावलीतला दगडी रस्ता एकाच फ्रेममधे आला की फोन सावली दिसावी म्हणून सगळंच उजळ करतो. मग भिंत नुसती फिकट पिवळी पाटी होते, गिलाव्याचे पोपडे, ब्रशचे फराटे, जुन्या रंगाचे खालून डोकावणारे थर, सगळं गायब. आणि मजा तर त्याच्यातच असते. उपाय सोपा आहे: भिंतीच्या सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवून दाबून धरा, लॉक झाल्याची खूण येईल, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. स्क्रीनवर फोटो जरा काळपट वाटेल, वाटू दे. सावली नंतर उजळवता येते, जळलेला रंग परत आणता येत नाही. गुलाबी आणि लाल भिंतींना हे जास्तच लागू, ते रंग फार लवकर सपाट होतात.

दुसरं लफडं व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेड कुठल्या रंगाचा आहे याच्या फोनच्या अंदाजाचं. अख्खी फ्रेम एकाच रंगाच्या भिंतीने भरली की फोनला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो ते "सुधारायला" जातो, म्हणून डोळ्यांना आंब्यासारखी दिसणारी भिंत फोटोत उकडलेल्या बटाट्यासारखी येते. अँड्रॉइडमधे प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ५२००-५५०० केल्व्हिनच्या आसपास सेट करून ठेवा, उन्हात दिवसभर चालतो. प्रो मोड नसेल तर फ्रेममधे काहीतरी राखाडी किंवा पांढरं येऊ द्या, फरसबंदीचा तुकडा, चुन्याची पट्टी, पांढरं मांजर असेल तर भाग्यच, म्हणजे फोनचा अंदाज फार चुकत नाही.

एक बोळ निवडा आणि तिथेच राहा

पहिल्यांदा जाणारे सगळे काय्येहोन देल बेसोला जातात, चुंबनाची बोळ, समोरासमोरच्या दोन बाल्कन्यांत सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम ६८ सेंटीमीटर अंतर, प्रेमाची दंतकथा, आणि पायरीवर किस घेणाऱ्या जोडप्यांची रांग. जा, बघा, रांगेचा फोटो काढा (रांगच जास्त बघण्यासारखी असते), आणि निघा.

मग अशी एखादी बोळ धरा जिचं नाव कोणाला माहीत नाही. प्लाझुएला देल बारातिय्यो किंवा प्लाझा सान फेर्नांदोपासून वर जाणाऱ्या कुठल्याही पायऱ्या चालतील. पोसितोस रस्त्याच्या आसपास पण बघा, चित्रकार दिएगो रिवेरा १८८६ मधे जन्मला ते घर तिथे आहे, आता म्युझियम आहे. बोळ मिळाली की पुढचा एक तास ती सोडायची नाही असं ठरवा. पहिली दहा मिनिटं फोन खिशातच ठेवा.

मग असं करा. आधी दोन रंग जिथे भेटतात ती रेघ शोधा. शेजारच्या दोन घरांनी आपापला रंग लावलाय आणि मधली हद्द कोणाच्या हातून थोडी वाकडी गेलीय, एखाद्याचा निळा दुसऱ्याच्या केशरीवर सांडलाय, वीजमीटरचा डबा कोणाचा म्हणून दोघांनीही रंगवलेला नाही. इथे भिंतीच्या बरोबर समोर उभे राहा, तिरके नको. उतारावर एक गोंधळ होतो, रस्ता तिरका, पायऱ्या तिरक्या, मग फोन सरळ धरायचा तरी कशाशी? दाराची चौकट बघा. चौकट उभी सरळ ठेवली की उतार आपोआप उतारासारखा दिसतो, आणि तो दिसलाच पाहिजे, नाहीतर गाव सपाट होऊन जातं.

फ्रेम ठरली की थांबा. भिंत हा रंगमंच, आता पात्र येऊ दे. आणि इथे कान वापरायचे. मेक्सिकोत रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट आवाजाने आधी येते. गॅसवाला "एल गाऽऽस" ओरडत येतो, खांद्यावर सिलिंडर, धारवाला बासरीसारखी पाव्याची शिट्टी वाजवत येतो (आपल्याकडे धारवाल्याला नुसतं ओरडायला लागतं, यांनी सोय केलीय), कुठल्यातरी घरातून रेडिओ आणि कोंबडा. आवाज आला की तुमच्याकडे मिनिटभर असतो. लगेच आवाजाच्या दिशेने पळू नका, कुठल्या भिंतीसमोरून तो जाणार ते ओळखा, उजेड लॉक करा, आणि माणूस उन्हाच्या पट्ट्यात शिरला की दोन-चार फोटो सलग. एक पाय उचललेला असतानाचा फोटो निवडा, दोन्ही पाय जमिनीवर असले की माणूस खिळा ठोकल्यासारखा दिसतो.

सकाळी आठ-साडेआठला गेलात तर बायका दारासमोरची फरशी झाडून पाणी मारताना दिसतील. मला तर पहिल्या दिवशी सडाच आठवला, रांगोळी तेवढी नव्हती. ते पाणी उतारावरून ओघळत जातं आणि त्यात समोरच्या भिंतीचा रंग लकाकतो, फोन जमिनीला टेकेल इतका खाली घ्या, उलटा धरलात तर लेन्स अजून खाली जाते.

आता कपडे

वाळत घातलेले कपडे म्हणजे फुकटचा रंगीत दिवा आहे. ऊन कपड्याच्या मागून आलं पाहिजे, तर तो पेटतो. समोरून ऊन असेल तर नुसती चादर. म्हणून सकाळी तुम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, मधे कपडे, पलीकडे सूर्य, पण सूर्य प्रत्यक्ष फ्रेममधे येऊ देऊ नका, तो कपड्याच्याच आड लपवा. बोट कपड्यावर दाबून उजेड लॉक करा. वारा येईपर्यंत थांबा. शाळेचे गणवेष एका ओळीत, बाळाचे मोजे, फुटबॉलचे टीशर्ट, एवढ्यावरून घरात कोण कोण आहे ते कळतं.

पण हे कोणाचं तरी घर आहे हे पण तेवढंच खरं. गच्चीवर माणूस असेल तर फोन खाली. खिडकीतून आत झूम करायचं नाही. आतून घालायचे कपडे असतील तर सोडून द्या, आपल्या गच्चीवर कोणी असं केलेलं आपल्याला चालेल का एवढा साधा विचार.

माणसांना विचारा

मी एकदा बाजारात न विचारता एका बाईंचा फोटो काढला, त्या वाळवलेल्या मिरच्या विकत होत्या, आणि त्यांनी जे काही ऐकवलं त्यातला एकही शब्द मला कळला नाही पण अर्थ शंभर टक्के कळला. चूक माझीच. तेव्हापासून एकच वाक्य पाठ केलं: "पुएदो तोमार उना फोतो, पोर फावोर?" म्हणजे फोटो काढू का, प्लीज. त्याआधी सकाळी "बुएनोस दियास", दुपारनंतर "बुएनास तार्देस". बोळात अनोळखी माणूस पण समोरून आला की हे म्हणतो, तुम्ही म्हटलं नाहीत तर तुम्ही उद्धट. कोणी खात बसलं असेल तर जाताजाता "प्रोवेचो" म्हणायचं, म्हणजे सावकाश होऊ द्या.

आधी काहीतरी विकत घ्या, खा, थोडं बोला, मग विचारा. नाही म्हणाले तर "ग्रासियास" म्हणून हसून पुढे. लहान मुलांचे चेहरे आईबापांना विचारल्याशिवाय नाहीत. चर्चमधे प्रार्थना चालू असेल तर नाहीच. आणि ज्यांना चेहरा द्यायचा नाही ते पुष्कळदा हात देतात, मक्यावर लिंबू पिळणारे हात, तोर्तिया (मक्याच्या पोळ्या) कापडात गुंडाळणारे हात. माझे सगळ्यात आवडते फोटो हातांचेच आहेत.

बाजार

मेर्कादो इदाल्गो हा १९१० सालचा लोखंडी सांगाड्याचा आणि काचांचा बाजार, दिसायला एखाद्या जुन्या रेल्वे स्टेशनसारखा. सरळ वरच्या गॅलरीत जा आणि खाली बघा. पेरू, पपया, टोमॅटो, मिरच्यांचे ढीग वरून रांगोळीसारखे दिसतात. कापलेल्या आंब्यावर तिखट-मीठ-लिंबू घालून ग्लासात देतात, शाळेबाहेरच्या कैरीची आठवण येऊन मी दर वेळी घेतेच.

रस्त्यावरच्या बाजारात मात्र ताडपत्रीपासून सावध. लाल किंवा गुलाबी ताडपत्रीखाली सगळं गुलाबी होतं, कोबी सुद्धा. तिथे रंगाशी भांडू नका, दुकानाच्या कडेला जिथे बाहेरचा उजेड येतो तिथलाच माल टिपा.

झेंडूचे दिवस

जमलं तर १-२ नोव्हेंबरला जा, मृतांच्या आठवणीचे दिवस, दिया दे मुएर्तोस. दारांत, चौकांत वेद्या मांडतात, फोटो, मेणबत्त्या, पाव, आणि झेंडू, झेंडू, झेंडू. तिथे त्याला सेम्पासूचील म्हणतात, तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ वीस फुलं. दसऱ्याला आपण जो झेंडू दाराला लावतो तो मूळचा इथला, समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेला. मी पहिल्यांदा तो वास घेतला तेव्हा मला डायरेक्ट मंडईच आठवली. केशरी झेंडू फोटोत पटकन जळतो, उजेड कमी करून घ्या. वेदीवरच्या माणसाचा फोटो क्लोजअपमधे काढू नका, शेजारी घरचं कोणी असेल तर आधी विचारा.

संध्याकाळ

तेआत्रो हुआरेस या नाट्यगृहाच्या मागून फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे, डोंगरावर पिपिला या स्वातंत्र्यलढ्यातल्या वीराच्या पुतळ्यापाशी जाते. सूर्य गेल्यावर वीसेक मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि खाली पिवळे दिवे लागतात, तेव्हा फोन कठड्यावर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, नाइट मोड. हातात धरून सगळ्यांचे हलतात. हा फोटो कॅलेंडरसारखाच येणार, पण एक असू दे.

मग खाली उतरून हार्दिन दे ला उनिओन या बागेच्या चौकात बसा. तिथली झाडं वरून टेबलासारखी छाटलेली, नाव लाउरेल दे ला इंदिया, आपल्या वडाच्याच कुळातली. शेजारून काळ्या मखमली पोशाखातली गाणारी मंडळी गर्दी घेऊन बोळात शिरतात, त्यांचा फोटो नीट येत नाही, हलतो, मी हललेलेच ठेवलेत.

घरी आल्यावर

त्याच रात्री डिलीट करायला बसू नका, दोन दिवस जाऊ द्या. मग दोनशेतले बारा ठेवा. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अॅपमधे तीनच गोष्टी: चौकट सरळ करणं, सावली थोडी उजळवणं, कडेचं फालतू कापणं. सॅच्युरेशनला, म्हणजे रंग भडक करायच्या बटणाला, हात लावायचा नाही, त्या गावाला अजून रंग चढवणं म्हणजे पुरणपोळीवर साखर. आणि वायर, टाकी, अँटेना पुसून टाकणारं ते एआय इरेझर तर अजिबात नको. व्हॉट्सअॅपवर पाठवताना एचडी निवडा, नाहीतर एवढे टिपलेले पोपडे वाटेतच सांडतात.

शेवटच्या खेपेला मी आईला नऊच फोटो पाठवले. त्यातल्या एकात गच्चीच्या कठड्यावर जाड ब्लँकेट वाळत टाकलंय, त्यावर भलामोठा वाघ, आणि शेजारी कुत्रा त्या वाघाकडे पाठ करून बसलाय. तिने चर्च, चौक सगळं सोडून तोच उघडून बघितला असावा, कारण उत्तर आलं, "अगं हे वाघाचं ब्लँकेट आपल्याकडे पण आहे, माळ्यावर. आता ऊन आहे तर काढते."